सर्व्हरशी बोलणारा साधा प्रोग्राम : जोडणीचे तंत्र आणि मराठी अक्षरांचा हिशेब

छत्रपती संभाजीनगर : केंद्र सरकारच्या मान्यतेनंतर २४ फेब्रुवारी २०२३ रोजी औरंगाबाद शहराचे नाव 'छत्रपती संभाजीनगर' झाले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये जिल्हा आणि महसुली विभागाच्या नावाचीही अधिसूचना निघाली. पाट्या बदलल्या, शिक्के बदलले, पत्रांचे मथळे बदलले. मात्र सहसा कोणाच्या नजरेस न पडणाऱ्या एका ठिकाणीही या नावाची लांबी बदलली. आज सर्वत्र रूढ असलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत 'औरंगाबाद' हा शब्द देवनागरीत साठविण्यास २४ बाइट लागतात, तर 'छत्रपती संभाजीनगर' या नावास ४९ बाइट लागतात. समजा, जाळ्यावरून गावाचे नाव स्वीकारणारा एखादा प्रोग्राम एका वेळी ३२ बाइट घेऊन थांबणारा असेल, तर जुने नाव त्यातून विनातक्रार जाईल; नवे नाव मात्र 'छत्रपती संभ' येथे तुटेल आणि त्यापुढे एक निरर्थक चिन्ह उमटेल.

यात दोष नावाचा नाही आणि मराठीचाही नाही. जाळ्यावरून येणारा मजकूर नेमका कोणत्या रूपात येतो, याविषयीच्या अपुऱ्या समजुतीचा तो परिणाम आहे. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना 'कॉम्प्युटर नेटवर्क्स' विषयाच्या प्रात्यक्षिकात सर्व्हरशी जोडणी करणारा एक छोटा प्रोग्राम लिहावा लागतो. तो दहा-पंधरा ओळींत पूर्ण होतो आणि प्रयोगशाळेत चालतोही. पण तो बरोबर आहे की केवळ चालतो आहे, हा प्रश्न तेथे सहसा उपस्थित होत नाही. हा प्रोग्राम कसा लिहावा, त्याच्या मागे कोणती यंत्रणा असते आणि मराठी मजकुरासाठी कोणती दक्षता घ्यावी, याची ही माहिती.

क्लायंट आणि सर्व्हर

दोन प्रोग्राम परस्परांशी बोलतात तेव्हा त्यांतील एक वाट पाहत थांबलेला असतो आणि दुसरा आपण होऊन संपर्क साधतो. वाट पाहणारा तो सर्व्हर आणि संपर्क साधणारा तो क्लायंट होय. हे शब्द यंत्रांना नव्हे, तर भूमिकांना लागू पडतात. एकाच संगणकावर दोन्ही प्रोग्राम चालू शकतात. वेबपाने दाखविणारा ब्राउझर, ई-मेल आणणारा प्रोग्राम, मोबाइलवरील बँकेचे ॲप, रेल्वेच्या आरक्षण खिडकीवरील संगणक ही सर्व क्लायंटची उदाहरणे आहेत.

क्लायंट आणि सर्व्हर यांनी कोणत्या क्रमाने, कोणत्या शब्दांत बोलायचे याचे नियम आधी ठरलेले असतात. त्यास प्रोटोकॉल म्हणतात. वेबसाठी एचटीटीपी, ई-मेल पाठविण्यासाठी एसएमटीपी हे असे प्रोटोकॉल आहेत. या सर्वांच्या तळाशी, मजकूर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत क्रमाने आणि न गमावता पोहोचविण्याचे काम टीसीपी हा प्रोटोकॉल करतो.

थोडी पार्श्वभूमी

टीसीपीची मूळ कल्पना विंटन सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात मांडली. सप्टेंबर १९८१ मध्ये त्याचे प्रमाणपत्रक तयार झाले आणि १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेतील अर्पानेट हे जाळे या पद्धतीवर गेले. जुन्या प्रमाणपत्रकाची जागा ऑगस्ट २०२२ मध्ये नव्या, एकत्रित पत्रकाने घेतली. परंतु मूळ तत्त्वे तीच राहिली. प्रोग्राम लिहिणाऱ्यास जोडणीसाठी जी साधने वापरावी लागतात, ती 'सॉकेट' या नावाने कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील १९८३ च्या युनिक्स आवृत्तीतून सर्वत्र पसरली. सी, जावा, पायथॉन यांपैकी कोणतीही भाषा घेतली, तरी पायऱ्या आणि त्यांची नावे जवळपास सारखीच आढळतात, याचे कारण हेच.

भारतात शिक्षण व संशोधन संस्थांना जोडणाऱ्या अर्नेट प्रकल्पाची सुरुवात १९८६ मध्ये झाली. त्यात मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राचा, म्हणजेच एनसीएसटीचा, वाटा मोठा होता. सर्वसामान्य ग्राहकांसाठी विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सेवा सुरू केली. त्या काळी विद्यार्थ्यांना परवडणाऱ्या 'शेल' खात्यात घरचा संगणक इंटरनेटचा भाग होतच नसे. तो दूरध्वनीच्या तारेवरून निगमच्या संगणकाचा केवळ पडदा आणि कळफलक बने. क्लायंट प्रोग्राम चालत असे तो निगमच्या यंत्रावर. आज खिशातील फोनही स्वतंत्र क्लायंट असतो, हा त्यानंतरचा मोठा बदल आहे.

पत्ता आणि पोर्ट

सर्व्हरशी जोडणी करण्यास दोन गोष्टी ठाऊक असाव्या लागतात : संगणकाचा पत्ता आणि पोर्ट क्रमांक. पत्ता म्हणजे इमारत मानली, तर पोर्ट म्हणजे त्या इमारतीतील खिडकीचा क्रमांक.

जुन्या पद्धतीचा, म्हणजे आयपी आवृत्ती ४ चा पत्ता ३२ बिटांचा असतो. त्यामुळे जगात जास्तीत जास्त सुमारे ४२९ कोटी पत्ते होऊ शकतात. ते अपुरे पडू लागल्याने १२८ बिटांची आवृत्ती ६ आली. नव्याने प्रोग्राम लिहिताना दोन्ही पत्ते चालतील अशी योजना करणे इष्ट असते. १२७.०.०.१ हा पत्ता विशेष आहे. तो 'हाच संगणक' असा अर्थ दर्शवितो आणि सरावासाठी उपयोगी पडतो. प्रोग्राममध्ये तो अर्थातच इंग्रजी अंकांत टंकावा लागतो.

पोर्ट क्रमांक ० ते ६५,५३५ या मर्यादेत असतो. १,०२४ पेक्षा लहान क्रमांक ठरावीक सेवांसाठी राखलेले आहेत. साध्या वेबसाठी ८०, सुरक्षित वेबसाठी ४४३, नावांच्या चौकशीसाठी ५३ आणि ई-मेल पाठविण्यासाठी २५. पाठविलेला मजकूर जसाच्या तसा परत करणाऱ्या 'एको' सेवेसाठी ७ हा क्रमांक ठरलेला आहे. सरावाच्या सर्व्हरसाठी ५००० सारखा मोठा क्रमांक घ्यावा.

माणसे अंकी पत्त्याऐवजी नाव वापरतात. नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेस डीएनएस म्हणतात. ती १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी आखली. २७ ऑगस्ट २०१४ पासून '.भारत' हे देवनागरी अंत्यपद उपलब्ध झाल्याने संकेतस्थळाचे नाव मराठीतही घेता येते. तथापि डीएनएसची मूळ यंत्रणा इंग्रजी अक्षरांवर चालते. म्हणून देवनागरी नावाचे ठरावीक नियमानुसार इंग्रजी अक्षरांतील रूप करूनच चौकशी पाठवावी लागते. ब्राउझर हे काम आपोआप करतो. स्वतः लिहिलेल्या क्लायंटने ते करण्याची व्यवस्था ठेवावी लागते.

जोडणीच्या पायऱ्या

कोणत्याही भाषेत लिहिलेल्या साध्या क्लायंटच्या पायऱ्या पुढीलप्रमाणे असतात.

१. सर्व्हरच्या नावावरून त्याचा पत्ता मिळविणे.
२. सॉकेट तयार करणे. सॉकेट म्हणजे जोडणीचे आपल्याकडील टोक. या क्षणी ते कशालाही जोडलेले नसते.
३. 'कनेक्ट' या आज्ञेने पत्ता व पोर्ट देऊन जोडणी मागणे.
४. 'सेंड' या आज्ञेने बाइट पाठविणे.
५. 'रिसीव्ह' या आज्ञेने आलेले बाइट घेणे.
६. काम संपताच 'क्लोज' या आज्ञेने जोडणी बंद करणे.

तिसऱ्या पायरीत पडद्याआड तीन निरोप जातात. क्लायंट 'जोडणी हवी' असे कळवितो. सर्व्हर 'मान्य, तुमचीही खात्री करा' असे उत्तर देतो. क्लायंट 'खात्री झाली' असे सांगतो. म्हणजेच कामाचा एकही शब्द जाण्यापूर्वी निदान एक फेरी पूर्ण व्हावी लागते. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. संभाजीनगराहून साडेतीनशे किलोमीटर तारेच्या अंतरावरील मुंबईच्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत येण्यास, मधल्या यंत्रांचा वेळ सोडल्यास, साडेतीन मिलिसेकंद लागतात. सर्व्हर तेरा हजार किलोमीटरवर असेल, तर हाच वेळ १३० मिलिसेकंद होतो. शंभर छोटे निरोप पाठविण्यासाठी शंभर वेळा जोडणी करणारा प्रोग्राम संथ का वाटतो, याचे उत्तर येथे आहे. एकदा केलेली जोडणी कामे संपेपर्यंत वापरावी.

नहरीचे पाणी

पाचव्या पायरीपाशी बहुतेक नवशिके फसतात. सर्व्हरने एकदा पाठविले, की आपण एकदा घ्यायचे, असा त्यांचा समज असतो. टीसीपी तसे वचन देत नाही.

शहरातील पाणचक्की पाहिलेल्या वाचकास ही गोष्ट चटकन उमजेल. मलिक अंबरच्या काळापासून या शहराला नहरींचे पाणी मिळाले. सतराव्या शतकातील पाणचक्कीलाही दूरच्या झऱ्याचे पाणी जमिनीखालच्या मातीच्या नळांतून आणलेले आहे. वरच्या टोकाला कोणी तीन घागरी पाणी ओतले, तर खालच्या टोकाला तीन घागरी येत नाहीत. एक धार येते. पाण्याचा क्रम तोच राहतो, थेंबही वाया जात नाही. पण कोणती घागर कोठे संपली, ही खूण पाण्यात उरत नाही. टीसीपी नेमका असा प्रवाह आहे. तो बाइटांचा क्रम आणि संख्या राखतो. निरोपांच्या सीमा राखत नाही.

त्यामुळे सर्व्हरने एकदा पाठविलेले ४९ बाइट क्लायंटला एकदम मिळू शकतात, ३० आणि १९ अशा दोन हप्त्यांत मिळू शकतात किंवा पुढच्या निरोपाचे काही बाइट त्यांना चिकटून येऊ शकतात. इथरनेटच्या एका पाकिटात सामान्यतः १,५०० बाइट मावतात. आवृत्ती ४ मध्ये पत्ते व नोंदींचे किमान ४० बाइट वजा जाता मजकुरास १,४६० बाइट उरतात. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असल्याने या जागेत ४८६ चिन्हे पूर्ण मावतात आणि दोन बाइट शिल्लक राहतात. म्हणजे सलग देवनागरी मजकुरात ४८७ वे चिन्ह दोन पाकिटांत विभागले जाते.

एकाच संगणकावर किंवा प्रयोगशाळेच्या जाळ्यावर छोटे निरोप बहुधा अखंड पोहोचतात. म्हणून चूक दिसत नाही. प्रोग्राम मोबाइलच्या क्षीण जाळ्यावर गेला किंवा मजकूर लांबला, की ती उघडी पडते.

अक्षर, चिन्ह आणि बाइट

मराठी मजकूर जाळ्यावरून नेताना तीन वेगवेगळ्या मोजण्या ध्यानात ठेवाव्या लागतात. 'छत्रपती संभाजीनगर' या नावात वाचणाऱ्याला छ, त्र, प, ती आणि सं, भा, जी, न, ग, र अशी दहा अक्षरे दिसतात. युनिकोडच्या हिशेबात मात्र काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही स्वतंत्र चिन्हे असतात. 'त्र' म्हणजे त, हलन्त आणि र अशी तीन चिन्हे. मधली मोकळी जागा धरून नावाची एकूण १७ चिन्हे होतात. त्यांतील १६ देवनागरी चिन्हांचे प्रत्येकी तीन आणि मोकळ्या जागेचा एक, असे ४९ बाइट.

पायथॉनला या नावाची लांबी विचारली, तर ते १७ सांगते. सी भाषेतील लांबी मोजणारी आज्ञा ४९ सांगते. दोघेही खरे बोलतात, पण वेगळ्या गोष्टी मोजतात. जाळ्यावर फक्त शेवटचा आकडा कामाचा असतो. हेच नाव इंग्रजी अक्षरांत लिहिले, तर २५ अक्षरांचे २५ बाइट होतात. इंग्रजी मजकुरावर तपासलेला प्रोग्राम मराठीत का बिघडतो, ते यावरून कळते. इंग्रजीत तिन्ही मोजण्या एकच उत्तर देतात.

मराठीसाठी ही व्यवस्था नेहमीच अशी नव्हती. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये स्वीकारलेल्या इस्की या मानकात प्रत्येक चिन्हास एकच बाइट पुरत असे. पुढे वृत्तपत्रांची संकेतस्थळे सुरू झाली तेव्हा अनेकांनी आपापले फॉन्ट वापरले. तो फॉन्ट वाचकाच्या संगणकावर नसेल, तर मजकूर अगम्य दिसे. युनिकोडने ही अडचण संपविली. केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी सप्टेंबर १९९२ मध्ये यूटीएफ-८ पद्धत आखली आणि ती पुढे वेबवर सर्वमान्य झाली.

या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट २२४ असतो, दुसरा १६४ किंवा १६५ आणि तिसरा १२८ ते १९१ यांपैकी एक. उदाहरणार्थ, 'स' म्हणजे २२४, १६४, १८४. काना म्हणजे २२४, १६४, १९०. आता लेखाच्या आरंभी दिलेले उदाहरण तपासता येईल. 'छत्रपती' चे २१ बाइट, मोकळ्या जागेचा एक, नंतर स, अनुस्वार आणि भ यांचे नऊ, असे ३१ बाइट झाल्यावर बत्तिसावा बाइट कान्याचा पहिला असतो. त्याचे उरलेले दोन बाइट अजून वाटेत असतात. अशा अर्धवट तुकड्याचे तत्काळ अक्षरांत रूपांतर केले, तर प्रोग्राम एकतर चूक दाखवून थांबतो, नाहीतर काळ्या शंकरपाळ्यातील प्रश्नचिन्ह उमटवितो. पुढचा तुकडा आल्यावरही हे नुकसान भरून निघत नाही.

म्हणून नियम असा, की आधी निरोपाचे सर्व बाइट गोळा करावेत आणि निरोप पूर्ण झाल्यावरच त्यांचे अक्षरांत रूपांतर करावे. त्याचप्रमाणे पाठविताना व घेताना यूटीएफ-८ असा स्पष्ट उल्लेख करावा. संगणकाच्या मूळ मांडणीवर विसंबू नये. जावा भाषेत यूटीएफ-८ ही सर्वत्र मूळ पद्धत ठरली ती २०२२ मधील १८ व्या आवृत्तीपासून. त्यापूर्वीच्या आवृत्त्यांत ती यंत्रागणिक बदलत असे.

निरोपाची हद्द कशी आखावी

प्रवाहात सीमा नसतात, तेव्हा त्या प्रोटोकॉलनेच आखाव्या लागतात. दोन पद्धती रूढ आहेत.

पहिली, समाप्तिचिन्हाची. प्रत्येक निरोपाच्या शेवटी नवीन ओळीचे चिन्ह, म्हणजे १० हा बाइट ठेवायचा. क्लायंटने तो बाइट दिसेपर्यंत घेत राहायचे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरी चिन्हाचा प्रत्येक बाइट १२८ किंवा त्याहून मोठा असल्याने १० हा आकडा एखाद्या अक्षराच्या पोटात कधीच येत नाही. मराठीसाठी ही पद्धत निर्धोक आहे. अट इतकीच, की निरोपाच्या आत नवीन ओळ नसावी.

दुसरी, लांबी आधी सांगण्याची. निरोपापूर्वी चार बाइटांत त्याची लांबी लिहायची. मोठ्या किमतीचा बाइट आधी, असा जाळ्यावरील संकेत आहे. येथे मोजणीची चूक फार महागात पडते. समजा, क्लायंटने ४९ ऐवजी १७ ही लांबी कळविली. सर्व्हर १७ बाइट घेऊन 'छत्रप' आणि अर्धा 'त' एवढाच निरोप समजेल. उरलेल्या ३२ बाइटांपैकी पहिले चार, म्हणजे १६४, २२४, १६५ आणि १२८, यांना तो पुढच्या निरोपाची लांबी मानेल. ती संख्या होते २७६ कोटी ६१ लाख ८५ हजार ८५६. न येणाऱ्या एवढ्या बाइटांची वाट पाहत तो थांबून राहील. कोणीही चुकीची किंवा खोडसाळ लांबी पाठवू शकतो, हे गृहीत धरून निरोपाला वरची मर्यादा ठेवणे म्हणूनच आवश्यक असते.

पहिल्या पद्धतीने लिहिलेल्या क्लायंटची रचना अशी होईल.

१. एक रिकामा साठा तयार करा.
२. साठ्यात १० हा बाइट आहे का ते पाहा. असल्यास त्याच्या आधीचा भाग हा एक पूर्ण निरोप. तो वेगळा काढून यूटीएफ-८ प्रमाणे अक्षरांत बदला. उरलेला भाग टाकून देऊ नका. तो पुढच्या निरोपाचा आरंभ आहे.
३. नसल्यास सर्व्हरकडून आणखी बाइट घ्या आणि साठ्याच्या शेवटी जोडा. एका वेळी किती आले याला महत्त्व नाही.
४. शून्य बाइट आले, तर सर्व्हरने पाठविणे बंद केले असे समजा. साठ्यात अर्धवट निरोप असेल, तर तो पूर्ण मानू नका, चूक नोंदवा.
५. साठा ठरविलेल्या मर्यादेपलीकडे गेला, तर जोडणी बंद करा.
६. अन्यथा दुसऱ्या पायरीकडे परत जा.

पाठविण्याच्या बाजूलाही अशीच दक्षता लागते. साधी 'सेंड' आज्ञा दिलेले सर्व बाइट एका वेळी स्वीकारेलच असे नाही. किती स्वीकारले, हा आकडा ती परत देते. उरलेले पुन्हा पाठवावे लागतात. पायथॉनमध्ये 'सेंडऑल' ही आज्ञा हे काम स्वतः करते.

जोडणी होत नाही तेव्हा

अपयशाचे प्रकार ओळखता आले, तर निम्मा त्रास वाचतो. 'जोडणी नाकारली' असा संदेश तत्काळ आला, तर बहुधा संगणक जागेवर आहे, पण त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही. सर्व्हर सुरू केलेला नसतो किंवा क्रमांक चुकलेला असतो. बराच वेळ काहीच घडले नाही, तर पत्ता चुकला आहे, यंत्र बंद आहे किंवा वाटेतील फायरवॉल निरोप गिळत आहे, असे समजावे. लिनक्सच्या मूळ मांडणीत अशी वाट दोन मिनिटांहून अधिक पाहिली जाते. त्यामुळे पाच किंवा दहा सेकंदांची कालमर्यादा प्रोग्रामने स्वतः ठरवावी. नावावरून पत्ताच मिळाला नाही, तर दोष डीएनएसचा किंवा टंकलेखनाचा असतो.

अपयश येताच पुन्हापुन्हा, क्षणाचीही उसंत न देता जोडणी मागू नये. प्रत्येक वेळी थांबण्याचा अवधी दुप्पट करावा. निकालाच्या दिवशी हजारो क्लायंट एकाच वेळी धडका देत राहिले, तर सावरू पाहणारा सर्व्हर पुन्हा कोलमडतो.

चाचणी कशी घ्यावी

१२७.०.०.१ या पत्त्यावर, ५००० पोर्टवर, आलेली ओळ तशीच परत करणारा छोटा सर्व्हर लिहावा. आधी तो नेहमीप्रमाणे चालवून पाहावा. नंतर त्यात एक बदल करावा : उत्तर एकदम न पाठविता एकेक बाइट, मध्ये थोडा विराम घेऊन पाठवावे. ४९ बाइटांचे नाव आणि ओळीच्या शेवटाचा एक, असे ५० तुकडे होतील. योग्य रीतीने लिहिलेला क्लायंट तरीही संपूर्ण नाव एकाच वेळी दाखवील. सदोष क्लायंट पहिल्याच बाइटाला अडखळेल. यानंतर उलट परीक्षा घ्यावी : तीन नावे एकत्र जोडून एकदम पाठवावीत. क्लायंटने ती तीन वेगळी दाखविली पाहिजेत.

चाचणीसाठी नावे निवडतानाही विचार करावा. 'पैठण' आणि 'वेरूळ' यांबरोबर 'कऱ्हाड' हे नाव अवश्य घ्यावे. त्यातील 'ऱ' युनिकोडमध्ये एक चिन्ह म्हणूनही लिहिता येतो आणि र व नुक्ता अशा दोन चिन्हांनीही. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण पहिल्याचे तीन बाइट होतात आणि दुसऱ्याचे सहा. दोन नावांची तुलना करण्यापूर्वी ती एकाच रूपात आणली नाहीत, तर संगणकाच्या लेखी ती दोन निरनिराळी गावे ठरतात.

सुरक्षितता आणि कायदा

येथवर वर्णन केलेल्या जोडणीत मजकूर उघडा जातो. पोस्टकार्ड वाटेत कोणीही वाचावे, तसा तो मधल्या यंत्रांना वाचता येतो. नाव, दूरध्वनी क्रमांक, परवलीचा शब्द अशी माहिती पाठवायची असेल, तर टीसीपीवर टीएलएस हे संरक्षक आवरण घ्यावे लागते. ते स्वतः लिहू नये. प्रत्येक भाषेत त्यासाठी तपासलेली तयार साधने असतात. सर्व्हरच्या प्रमाणपत्राची पडताळणी अडचणीची वाटते म्हणून ती बंद करणे हे कुलूप लावून किल्ली दारातच ठेवण्यासारखे आहे.

सराव स्वतःच्या संगणकावर किंवा परवानगी असलेल्या सर्व्हरवरच करावा. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ नुसार परवानगीविना दुसऱ्याच्या संगणकात प्रवेश करणे किंवा त्याची सेवा विस्कळीत करणे भरपाईस पात्र ठरते. हेच कृत्य अप्रामाणिक किंवा लबाडीच्या हेतूने केल्यास कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

नाव पूर्ण पोहोचावे

आज शिष्यवृत्तीचा अर्ज, पीकविम्याची नोंद, रुग्णालयातील केसपेपर, परीक्षेचे प्रवेशपत्र यांतील मजकूर कोणत्या ना कोणत्या क्लायंटमधूनच पुढे जातो. तेथे एखाद्याचे नाव एका कान्याने तुटले, तर अर्जावरील नाव ओळखपत्राशी जुळत नाही. मग ज्याचा काही दोष नाही, अशा माणसाला दुरुस्तीसाठी हेलपाटे घालावे लागतात. तुटलेला कोणी सहसा प्रोग्रामपर्यंत शोधत जात नाही. टंकताना चूक झाली असावी, असेच मानले जाते.

ती टाळण्यास मोठे ज्ञान लागत नाही. प्रवाहाला सीमा नसतात हे ध्यानात ठेवणे, लांबी बाइटांत मोजणे आणि निरोप पूर्ण झाल्याखेरीज तो न वाचणे, एवढे पुरते. प्रात्यक्षिकाच्या वहीतील पहिलाच क्लायंट 'हॅलो' ऐवजी 'छत्रपती संभाजीनगर' हे शब्द एकेक बाइट घेऊन अखंड परत आणू लागला, तर तो पुढे कोणाचेही नाव नीट पोहोचवील.